क्लासला रनटाइम प्लगइनची जोड

क्लासला रनटाइम प्लगइनची जोड : वापरात आलेल्या प्रोग्रॅममधील एखाद्या क्लासला (सारख्या वस्तूंची माहिती व कामे एकत्र सांगणाऱ्या साच्याला), त्याच्या मूळ सोर्स कोडला हात न लावता, प्रोग्रॅम चालू असतानाच (रनटाइमला) नवे वर्तन पुरवण्याची रीत. असा बाहेरून जोडलेला कोड म्हणजे प्लगइन. सबक्लास, म्हणजे मूळ क्लासवर आधारलेला नवा क्लास, काढूनही वर्तन वाढवता येते. पण कोणता सबक्लास वापरायचा हे मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. प्लगइनच्या बाबतीत ते ठाऊक नसते. जोड देणारा कोड नंतर, पुष्कळदा दुसऱ्याच कोणी लिहिलेला असतो. मूळ प्रोग्रॅम तो शोधतो, मेमरीत आणतो आणि ठरलेल्या जागी अडकवतो. मेमरीत आणण्याचे काम बहुतेक भाषांत सोपे झालेले आहे. खरी अडचण ठरलेली जागा कोणती आणि तेथे किती जण कोणत्या क्रमाने बसणार, ही असते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानाचा हिशोब हे सोयीचे उदाहरण आहे. सौदा झाल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या पट्टीसाठी ‘पट्टी’ नावाचा एक क्लास आहे असे धरू. वजन गुणिले दर हे त्याचे मूळ काम. त्यापुढचे सगळे मालानुसार बदलते : हळद पोत्यांत येते, गूळ रव्यांत, बेदाणा बॉक्समध्ये; हमाली आणि तोलाईची आकारणी निरनिराळी असते. शिवाय सरकारी निर्णयानेही नियम बदलतात. फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्यात २०१६ साली झाला, तेव्हा पट्टीतला एक रकानाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला. असे बदल क्लासच्या आत जर-तर लिहून भागवले, तर दर नियमाला प्रत्येक दुकानात नवा प्रोग्रॅम बसवावा लागतो. त्याऐवजी क्लासने ‘कपातींची यादी दे’ एवढीच हाक मारावी आणि त्या हाकेला उत्तर देणारे क्लास वेगळ्या फोल्डरमध्ये राहावेत. नियम बदलला की एक फाइल बदलते आणि सौद्याच्या दिवशी पट्ट्या निघायच्या थांबत नाहीत. मात्र जुना नियम असताना उघडलेली पट्टी जुन्याच नियमाने पुरी झाली पाहिजे. म्हणून लागू असलेल्या प्लगइनची यादी ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यावरून घडलेली एकेक वस्तू, येथे एकेक पट्टी) तयार होतानाच त्याच्यापाशी बांधून ठेवावी. पाठ्यपुस्तकांत या मुद्द्याला फारशी जागा मिळत नाही, पण हिशोबाच्या कामात तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

उगम : या रीतीचा आरंभ कोठे मानायचा याबद्दल एकमत नाही. प्लगइनकडे वापरणाऱ्याच्या बाजूने पाहणारे लेखक मॅकिन्टॉशवरील सॉफ्टवेअरचा दाखला देतात. ॲपलच्या हायपरकार्ड या प्रोग्रॅममध्ये (१९८७) बाहेर कंपाइल केलेल्या (यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणलेल्या) आज्ञा आणून जोडता येत, आणि सिलिकॉन बीच या कंपनीच्या ‘डिजिटल डार्करूम’ या चित्रसंस्करण प्रोग्रॅमला त्या क्षेत्रातील पहिलेपणाचा मान साधारण त्याच सुमारासचा दिला जातो. काही जण याहून मागे, १९७०च्या दशकाच्या मध्यावरील युनिव्हॅक संगणकांवरच्या ईडीटी या संपादकापर्यंत जातात. त्यातून दुसरा प्रोग्रॅम चालवून त्याला संपादकाच्या मेमरीतील मजकूर हाताळू देता येत असे. या सर्वांत जोड मिळते ती प्रोग्रॅमला. क्लास तेथे गौण आहे किंवा मुळीच नाही. त्यामुळे प्रस्तुत विषयापुरती ही शेजारची परंपरा मानणे बरे.

क्लासचा विचार करणाऱ्यांत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष स्मॉलटॉक या भाषेचा. ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लासची कल्पना पक्की केली, पण तो क्लास कंपाइल झाला की बंद होत असे. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्मॉलटॉकमध्ये, निदान १९७६च्या आवृत्तीपासून, क्लास स्वतःच एक ऑब्जेक्ट झाला. त्याच्यापाशी मेथडचा (क्लासला करता येणाऱ्या कामांचा) कोश असतो आणि त्यात नोंद घातली की चालू प्रोग्रॅममधल्या त्या क्लासच्या सर्व ऑब्जेक्टना नवी मेथड लगेच मिळते. रनटाइमला क्लास बदलणे एवढाच निकष धरला, तर स्मॉलटॉकचा दावा मोडता येत नाही.

दुसरा पक्ष लिस्प या भाषेचा. वॉरन टाइटलमन यांनी एमआयटीतील १९६६च्या प्रबंधात ‘पायलट’ ही प्रणाली मांडली. अस्तित्वात असलेल्या फंक्शनच्या आधी किंवा नंतर, त्याच्या अंतरंगात न शिरता, ‘ॲडव्हाइस’ म्हणून कोड लावण्याची सोय तिच्यात होती, आणि लावलेला तुकडा काढूनही घेता येत असे. येथे क्लास नाही. पण आधी, नंतर आणि काढून घेणे ही प्लगइनची तीन लक्षणे स्पष्ट आहेत. पुढे एमआयटीच्याच लिस्प मशीनवर (लिस्पसाठीच बनवलेल्या संगणकावर) हॉवर्ड कॅनन यांनी फ्लेवर्स ही ऑब्जेक्ट प्रणाली उभी केली. तिचा काळ साधारण १९७९-८० असा धरतात; डेव्हिड मून यांचा तिच्यावरील प्रसिद्ध निबंध मात्र १९८६चा आहे. एकट्याने उभे न राहता दुसऱ्या क्लासमध्ये मिसळण्यासाठीच लिहिलेला मिक्सिन हा प्रकार फ्लेवर्समध्ये आला. मूळ मेथडच्या आधी व नंतर चालणाऱ्या मेथडही तिच्यात होत्या आणि चालू यंत्रावर फ्लेवरची व्याख्या बदलता येत असे. स्मॉलटॉकमध्ये घातलेली मेथड मूळ मेथडच्या गर्दीत मिसळून जाते. फ्लेवर्समध्ये तिला स्वतःचे नाव आणि कुळ राहते. प्लगइन म्हणजे वेगळी ओळखता येणारी जोड असे मानले, तर क्लासचा धागा आणि टाइटलमन यांचा धागा यांची गाठ फ्लेवर्समध्ये पडली हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

फ्लेवर्सचा वारसा १९९४ साली अमेरिकी मानक झालेल्या कॉमन लिस्पच्या ऑब्जेक्ट प्रणालीकडे, म्हणजे सीएलओएसकडे, गेला. गिलाड ब्राखा आणि विल्यम कुक यांनी १९९० साली मिक्सिनची मांडणी भाषानिरपेक्ष केली. सीएलओएसच्या मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलवर (क्लासची चालण्याची रीतच बदलू देणाऱ्या सोयीवर) आधी काम केलेल्या ग्रेगर किचालेस यांनी सहकाऱ्यांसह १९९७ साली ॲस्पेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (अनेक क्लासांत विखुरणारे काम एका जागी लिहून बाहेरून जोडण्याची रीत) मांडले, ते याच धाग्याचे पुढचे टोक होय.

यंत्रणा : जोड क्लासला द्यायची की एकाच ऑब्जेक्टला, हा पहिला निर्णय. पायथन भाषेत क्लासवर ‘सेटॅट्र’ या फंक्शनने मेथड ठेवली की आधी तयार झालेल्या ऑब्जेक्टनाही ती दिसते, कारण शोध क्लासमार्गे होतो. एकाच ऑब्जेक्टवरही मेथड बांधता येते. पण लांबी, बेरीज, तुलना यांच्यासाठी भाषा ज्या दुहेरी अधोरेखांच्या मेथड वापरते त्या फक्त क्लासवर शोधल्या जातात, आणि ऑब्जेक्टवर ठेवलेल्या तशा मेथडकडे निमूट दुर्लक्ष होते. रूबी भाषेत ‘एक्स्टेंड’ने ऑब्जेक्टच्या खास स्वतःच्या सिंगलटन क्लासमध्ये मॉड्यूल (मेथडचा संच) मिसळते. पर्ल भाषेच्या मूस या संचात चालू ऑब्जेक्टला रोल (मिक्सिनसारखा मेथडचा संच) लावला की पडद्याआड एक अनामिक सबक्लास तयार होतो आणि ऑब्जेक्टची नोंद त्या क्लासखाली केली जाते. मोठ्या प्रोग्रॅमसाठी ऑब्जेक्टपुरती जोड अधिक सुरक्षित. सामायिक क्लास उघडून त्यात मेथड कोंबण्याचा परिणाम ज्याने ती मागितलीच नाही त्या कोडवरही होतो. रूबीने २०१३च्या २.० आवृत्तीत रिफाइनमेंट (मागितलेल्या कोडपुरतीच लागू होणारी जोड) आणली ती याच कारणाने. सी शार्पच्या एक्स्टेंशन मेथड (२००७) दिसायला अशाच असल्या तरी त्यांचा निर्णय कंपाइल करतानाच होतो, म्हणून त्या या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात.

जावात एकदा लोड झालेल्या क्लासला नवी मेथड चिकटवता येत नाही. जेडीके १.४ (२००२) पासून डीबगरला (चुका शोधणाऱ्या साधनाला) चालू मेथडचा आतला कोड बदलता येऊ लागला. मेथडची यादी मात्र तशीच राहते. म्हणून जावातील प्लगइन इंटरफेस (कोणत्या मेथड असाव्यात हे सांगणारा करार), क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) आणि नोंदणी या तिघांवर उभे असते. १९९९ साली स्थापन झालेल्या ओएसजीआय संघटनेने मॉड्यूल चालू असताना बसवण्या-काढण्याचे मानक केले आणि एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाने २००४च्या ३.० आवृत्तीत ते स्वीकारले. जावा ६ मध्ये (२००६) उपलब्ध प्लगइन शोधून देणारा सर्व्हिसलोडर आला. तो साध्या गरजांना पुरतो. येथे नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे : क्लासची ओळख नाव आणि त्याला आणणारा लोडर या दोहोंवरून ठरते. ‘कपात’ हा इंटरफेस मुख्य प्रोग्रॅमबरोबर एकदा आणि प्लगइनच्या जार फाइलमधून पुन्हा लोड झाला, तर ‘कपात’चे रूपांतर ‘कपात’मध्ये होत नाही अशी तक्रार पडद्यावर येते. इंटरफेस फक्त मुख्य लोडरकडे ठेवणे हा उपाय. प्लगइन काढताना तर त्याच्या लोडरकडे बोट दाखवणारा एकही संदर्भ उरता कामा नये. विसरलेला एक थ्रेडही (समांतर चालू राहिलेले कामही) सगळे क्लास मेमरीत अडकवून ठेवतो.

क्रम : एकाच जागी दोन प्लगइन आले की क्रम ठरवावा लागतो. समजण्यापुरते आकडे घेऊ : पट्टी १०,००० रुपयांची, हमाली २०० रुपये, आणि एक कपात १ टक्का. टक्केवारी आधी लावली तर १०० आणि २०० वजा होऊन ९,७०० उरतात. हमाली आधी काढली तर ९,८०० वर ९८ वजा होऊन ९,७०२. दोन्ही प्लगइन स्वतंत्रपणे अचूक आहेत, आणि तरी पट्टी चुकू शकते. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेसने यासाठी अग्रक्रमाचा आकडा ठेवला असून तो न दिल्यास १० धरला जातो. पायथनने २.३ आवृत्तीपासून (२००३) डिलन भाषेसाठी १९९६ साली मांडलेली सी३ ही अनेक मूळ क्लासांची क्रमरचना घेतली आहे. सुसंगत क्रम लागत नसेल तर क्लास तयारच होत नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत दोन कॅटेगरींनी (क्लासला नंतर जोडलेल्या मेथडसंचांनी) एकाच नावाची मेथड आणली तर कोणती चालेल याची हमी नाही. शेर्ली, ड्यूकास, नीरस्ट्राझ आणि ब्लॅक यांनी २००३ साली मांडलेल्या ट्रेट (क्लासांत जोडण्याचे मेथडसंच) या पर्यायात असा संघर्ष आपोआप सोडवला जात नाही. क्लास जुळवणाऱ्यानेच तो उघडपणे मिटवावा लागतो. पैशांच्या हिशोबाला हीच शिस्त मानवते.

सुरक्षितता : त्याच प्रोसेसमध्ये आलेल्या प्लगइनला सामान्यतः मुख्य प्रोग्रॅमचे सर्व अधिकार मिळतात. ब्राउझरांनी नेटस्केपकालीन प्लगइन पद्धत सोडली (क्रोमने २०१५, फायरफॉक्सने २०१७, फ्लॅशचा अपवाद ठेवून), त्यामागे हे एक मोठे कारण होते.

सांगली-सातारा परिसर : या विषयाचा औपचारिक अभ्यास सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांच्या संगणक शाखांत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या ओघात येतो. मराठी वाचकाशी या रीतीचा रोजचा संबंध मात्र मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळे येतो. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकीवर चालतो, आणि त्यात देवनागरी टंकनाची सोय मूळ कोडमध्ये नसून जोडलेल्या एक्स्टेंशनमधून येते. आधी नारायम, २०१३पासून युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर. मीडियाविकीत पूर्वी हुकच्या (जोड अडकवण्याच्या ठरलेल्या जागेच्या) नावापुढे फंक्शनचे नाव नोंदले की काम भागे आणि चुकीचे फंक्शन नोंदलेले हाक येईपर्यंत कळत नसे. १.३५ आवृत्तीपासून (२०२०) गाभ्यातील प्रत्येक हुकला स्वतःचा पीएचपी भाषेतला इंटरफेस आहे आणि एक्स्टेंशनचा क्लास तो पाळतो, त्यामुळे मेथडचे नाव वा आर्ग्युमेंट जुळत नसल्यास ते क्लास लोड होतानाच उघड होते.