दात काढल्यानंतरची खोबण : भरून येणे व निगा

दात काढल्यावर जबड्याच्या हाडात जी पोकळी उरते तिला खोबण म्हणतात. ती लगेच रक्ताने भरते, रक्त गोठते आणि जी गुठळी होते तीच पुढच्या साऱ्या भरणीचा पाया असते. दोन-तीन दिवसांत तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरू लागतात. हिरडी साधारण तीन ते पाच आठवड्यांत मिळून येते. हाड दुसऱ्या आठवड्यापासून धरू लागते, पण पक्के व्हायला कित्येक महिने लागतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास खोबणीत पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू समजून काडीने कोरणारे पुष्कळ असतात. तो भरणीचाच भाग आहे. त्याला हात लावू नये.

गुठळी टिकली नाही तर हाड उघडे पडते. या अवस्थेला ‘कोरडी खोबण’ म्हणतात. तिचे वर्णन प्रथम दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये केले असे मानले जाते. दुखणे दात काढल्यावर लगेच नव्हे, तर एक ते तीन दिवसांनी उसळते, कानाकडे चमका मारते व तोंडाला दुर्गंधी येते. साध्या दातांत हे प्रमाण शेकडा १ ते ५ च्या आसपास असते, खालच्या अक्कलदाढेत बरेच जास्त. कारणाबद्दल एकमत नाही. जंतुसंसर्ग हेच मूळ, असा एक जुना पक्ष आहे. दंतसंशोधक बिर्न यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या मतानुसार हाडाला झालेली इजा व जंतू यांमुळे प्लाझ्मिन हे विकर तयार होते आणि ते गुठळी बांधून ठेवणारे फायब्रीन हे तंतुमय प्रथिन विरघळवते. चूळ भरल्याने गुठळी निघून येते, ही समजूत सर्वत्र असली तरी एवढ्याने सगळे उलगडत नाही. बिर्न यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. तंबाखू, अवघड दंतोत्पाटन (दात काढणे) व गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो. उपचारात खोबण सलाइनने धुऊन युजेनॉलयुक्त औषधाची पट्टी ठेवतात. युजेनॉल लवंगेतलेच, पण घरी लवंगतेल थेट ओतल्यास ऊतक भाजते.

कोल्हापूर परिसरात मशेरीचा (मिसरीचा) प्रश्न खास आहे. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बायका सकाळी बोटाने हिरड्यांवर घासतात आणि बोट नेमके त्या खोबणीवरून फिरते. सिगारेट सोडायला सांगतात, मशेरीचे विचारायचे राहून जाते. ते आवर्जून विचारायला हवे. निदान तीन दिवस ती पूर्ण बंद हवी. जेवणातही तांबडा रस्सा टाळतात, पण पांढरा मात्र सौम्य म्हणून देतात. त्यातही मिरी-मिरची असते. मऊ भात, ताक, पेज बरी.

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीती अजून ऐकू येते. तिचा उगम निश्चित सांगता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वरचा दात उपटल्यास अतिरक्तस्रावाने काणेपणा (एका डोळ्याची दृष्टी जाणे) व अर्दित (चेहऱ्याचा लकवा) होते, म्हणून हलणारा दातही काढू नये, असे म्हटले आहे. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. लोकसमजूत तिथूनच आली असेल, असेही ठामपणे म्हणता येत नाही. शरीररचनेत मात्र दातांच्या संवेदना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेकडून (मेंदूच्या नसेकडून) व दृष्टी दुसऱ्या तंत्रिकेकडून येते. दात काढल्याने नजर कमी होत नाही. या भीतीपायी किडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवणे अधिक घातक.

गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, सारखा काढून पाहू नये. पहिले २४ तास थुंकणे, जोराने चूळ भरणे व स्ट्रॉने पिणे टाळावे. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळणी करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. त्या व मधुमेह यांची माहिती आधीच द्यावी. दाब देऊनही रक्त न थांबणे, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढणे, ताप येणे, जबडा न उघडणे किंवा गिळायला त्रास होणे, यांपैकी काहीही असले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.