पतंगाच्या पंखाची पूड आणि डोळे

“पतंगाच्या पंखाची पूड डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो.” हे अनेक वर्षं फिरतंय, बरेचदा मोसंबीवरच्या नारिंगी पंखांच्या पतंगाच्या फोटोसकट.

ती पूड म्हणजे पंखावरचे खवले. रूपांतर झालेले केसच ते, बनलेले कायटिनचे (कीटकांचं कवच ज्याचं असतं, तेच). त्यांनी आंधळेपण येत नाही. धुळीसारखं खुपेल, चोळलं तर डोळा लाल होईल, पाण्यानं धुवावा. (केसाळ सुरवंटांची गोष्ट वेगळी, त्यांचे केस खरंच त्रास देतात.) खात्री करायची तर दिव्याखाली मेलेल्या पतंगाचा पंख भिंगातून बघा: कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले दिसतील.

फोटोतला पतंग ‘एरेबिडी’ कुळातला, युडोसिमा. हिमालयात आणि थंड प्रदेशांत आढळणारा कॅटोकाला पतंगही त्याच कुळातला. पूर्वी दोघांना ‘नॉक्टुइडी’ कुळात धरत. दोघांचेही पुढचे पंख सालीसारखे किंवा पाचोळ्यासारखे, भडक रंग मागच्या पंखांवर झाकलेला. डिवचलं की तो रंग एकदम उघडतो आणि पक्षी दचकतो. भडक म्हणजे विषारीच, असं नाही.

जालन्याकडच्या बागांना युडोसिमाचा खरा त्रास वेगळाच: रात्री सोंड खुपसून तो मोसंबीचा रस पितो, मग फळ सडून गळतं. अळ्या मात्र बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढतात.