पासष्टला आजारी, साठला बरे

१९५५ साली लंडनच्या एका रुग्णालयातले जवळपास ३०० कर्मचारी एका अनोळखी दुखण्याने आजारी पडले. १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळले आणि रुग्णांना न तपासताच याला सामूहिक उन्माद ठरवले. आजारी पडलेल्यांत बायका जास्त, हाही त्यांचा एक आधार होता. १९८८ मध्ये अमेरिकेत अशा दुखण्याला 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' (दीर्घकाळच्या थकव्याचा आजार) हे नाव आले आणि सगळे लक्ष थकव्यावर गेले. या आजाराची खरी खूण वेगळीच आहे. आज दोन जिने चढलेला माणूस परवा अंथरुणातून उठू शकत नाही.

१९८९ पासून ब्रिटनमध्ये एक मांडणी रुजली: सुरुवात संसर्गाने झाली असली, तरी पुढे श्रमाची भीती आणि अति विश्रांती यांमुळे दुखणे रेंगाळते. म्हणजे समुपदेशनाने रुग्णाची समजूत बदला आणि व्यायाम हळूहळू वाढवा. २००७ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी सौम्य व मध्यम रुग्णांसाठी हेच उपचार सुचवले.

या उपचारांची सर्वांत मोठी चाचणी ६४१ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, खर्च सुमारे ५० लाख पौंड. शारीरिक क्षमता मोजायला दहा प्रश्न होते: जिना चढता येतो का, किराणा उचलता येतो का, अंघोळ स्वतः करता येते का. एकूण गुण १००. चाचणीत घेण्याइतके आजारी ठरायला ६५ किंवा त्याहून कमी गुण लागत. 'बरे' ठरायला आधी ८५ ची अट होती. ती नंतर ६० वर आणली गेली, आणि त्यासाठी वापरलेल्या सर्वसाधारण लोकांच्या सरासरीत वृद्धही धरलेले होते. गुण पाचाच्या पटीत पडतात. म्हणजे ६५ गुणांवर आत आलेल्या रुग्णाचे एका प्रश्नाचे उत्तर एक पायरी बिघडले, तरी तो ही अट पूर्ण करत होता. इतर अटी होत्या, हे खरे. पण आत येताना आजारी आणि त्याच गुणांवर बरा, हे कोणत्या हिशेबात बसते?

२०१३ मध्ये या दोन्ही उपचारांनी प्रत्येकी २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे छापून आले. रुग्णांनी माहितीच्या अधिकाराखाली चाचणीचे मूळ आकडे मागितले. ते २०१६ मध्ये लवादाच्या आदेशाने मिळाले. मूळ अटी लावल्यावर प्रमाण समुपदेशनाचे ७ आणि व्यायामाचे ४ टक्क्यांवर आले.

नव्या सरकारी सूचना ऑगस्ट २०२१ मध्ये ऐनवेळी रोखल्या गेल्या आणि २९ ऑक्टोबरला निघाल्या. वाढत्या व्यायामाचा उपचार वगळला गेला. समुपदेशन राहिले, पण आजारासोबत जगायला आधार म्हणून. जुन्या सूचना १४ वर्षे लागू होत्या.