शिक्षेच्या निकालातला विसावा: पार्श्वभूमी

बायबलमधल्या स्तोत्र ९५ ची सुरुवात गाण्याच्या आमंत्रणाने होते आणि शेवट देवाच्या शपथेवर: हे लोक माझ्या विसाव्यात येणार नाहीत. पुढे दिलाशाची एक ओळही नाही. या शपथेमागची हकिगत गणना पुस्तकाच्या १३ आणि १४ व्या अध्यायांत आहे.

मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेले इस्राएल लोक देवाने कबूल केलेल्या कनान देशाच्या वेशीवर, कादेशला पोहोचले होते. देश हेरून आलेल्या बारांपैकी दहांनी कच खाल्ली आणि लोक मागे फिरायची भाषा करू लागले. त्यांचा पुढारी मोशे याने देवाकडे रदबदली केली. त्यावरचे देवाचे उत्तर सावकाश वाचावे असे आहे. आधी तो क्षमा केल्याचे सांगतो आणि लगेच निकाल देतो: चाळीस वर्षे रानात, आणि वीस वर्षांवरच्या पिढीपैकी कालेब व यहोशवा सोडून कोणीही त्या देशात पाऊल ठेवणार नाही. क्षमा मिळाली तरी शिक्षा टळली नाही. पण रानात देव रोज पुरवीत असलेले अन्न, मान्ना, तोही थांबला नाही. सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्या दिवशी काही नाही, हा क्रम ठरलेलाच होता. विसाव्याचा देश ज्यांना नाकारला गेला, त्यांचा आठवड्याचा शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, कोणी काढून घेतला नाही.

पुढे शतकांनंतर याच लोकांना बाबेलात नेले गेले, त्या बंदिवासाची गोष्ट याहून चमत्कारिक. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, हा लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायातला नियम. तो मोडलात तर तुम्ही शत्रूच्या देशात असताना जमीन आपले शब्बाथ भोगेल, असे पुढच्याच अध्यायात बजावले आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडले, तेव्हा इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने हेच कारण नोंदवले: सत्तर वर्षे भरेपर्यंत जमीन विसावली. (बाबेल इ.स.पू. ५३९ मध्येच पारसचा राजा कोरेश याच्या हाती पडले. सत्तरचा आकडा इ.स.पू. ५१६ च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे राहीपर्यंत मोजला तर जुळतो.) माणसांना हद्दपारी आणि मातीला सुट्टी, दोन्ही एकाच निकालात.

मत्तयाच्या ११ व्या अध्यायातही हीच जवळीक दिसते. खोराजिन, बेथसैदा आणि कफर्णहूम या गावांचा धिक्कार केल्यावर काही ओळींतच ‘कष्टी व भाराक्रांत’ जनांना येशूची हाक येते: माझ्याकडे या, मी तुम्हांला विसावा देईन.

स्तोत्रातली शपथ पुन्हा उघडली ती इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने. त्याचे नाव पत्रात नाही, पण युक्तिवाद वकिली थाटाचा आहे. मोशेनंतर लोकांना कनानात नेणाऱ्या यहोशवाने त्यांना विसावा दिला असता, तर इतक्या काळानंतर स्तोत्रात ‘आज’ असे कशाला म्हटले असते? म्हणजे विसावा अजून शिल्लक आहे, आणि देवाने सातव्या दिवशी घेतला तोच तो. दुधारी तलवारीहून तीक्ष्ण वचनाची प्रसिद्ध ओळ याच चौथ्या अध्यायातली. ती बहुधा संदर्भातून वेगळी काढून धाक घालायला वापरतात. मूळ जागी तिच्या आधी विसाव्यात शिरण्याचा आग्रह आहे आणि चारच ओळी पुढे कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने येण्याचे बोलावणे.