किनाऱ्यालगतच्या समुद्रातला तरंगता गाळ

समुद्राच्या पाण्यात न बसता लटकून राहिलेली बारीक माती म्हणजे तरंगता गाळ. तो किती आहे हे बघायला एक लिटर पाणी फिल्टर पेपरमधून गाळतात, कागद वाळवून वजन करतात आणि आकडा मिलिग्रॅममध्ये लिहितात. मोठ्या पट्ट्यासाठी सॅटेलाइटवरून पाण्याचा रंग बघतात, १९९९ ला सोडलेला आपला ओशनसॅट त्याच कामाचा होता.

विदर्भात समुद्र नाही, पण समुद्र गढूळ करणारी माती आपल्या वावरातूनही जाते, आणि ती एका नाही तर दोन समुद्रांत जाते. बुलढाण्याच्या एकाच डोंगररांगेवरचं एका अंगाचं पाणी पैनगंगेला मिळतं, तिथून वर्धा, प्राणहिता, मग सिरोंच्याजवळ गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. दुसऱ्या अंगाचं नळगंगेतून पूर्णेला, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतच्या खाली खंभातच्या आखाताला.

आता काळ्या मातीचं म्हणाल तर तिचा कण फारच बारीक, २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण थांबलेल्या पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवस घेतो, म्हणून मृगाचा पाऊस झाला की धुऱ्यावरून उतरलेलं पाणी लवकर काही निवळत नाही. पण हाच कण खाऱ्या पाण्यात गेला की मीठ त्याच्यावरचा विजेचा भार झाकून टाकतं, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि भराभर खाली बसतात. घरी मडक्यात तुरटी फिरवली की होतं तसंच. त्यामुळे नदीच्या गाळातला बराचसा भाग मुखाशीच बसतो, पार खोल समुद्रात थोडाच पोचतो.

गोदावरीच्या मुखाशी वर्षाची चाल पूर ठरवतो. तिथे भरती-ओहोटी लहान, दीड मीटरच्या आसपास, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर नदीला पूर असला की मातकट पाण्याचा पट्टा समुद्रात दूरवर पसरलेला दिसतो, गोड पाणी हलकं म्हणून वरवर तरंगतं आणि गाळ घेऊन जातं. ऑक्टोबर ते डिसेंबर किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, मग उरलेला गाळ तिकडे सरकतो, मध्येच चक्रीवादळ आलं तर तळाला बसलेला परत उठतो. हिवाळ्याच्या शेवटी आणि मार्चमध्ये पाणी बरंच निवळतं, उजेड खोलवर जातो.

खंभातला असं होत नाही. आखात निमुळतं असल्यामुळे आत शिरलेलं भरतीचं पाणी दाटीने वर चढतं, वरच्या टोकाकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो आणि तो जोर तळाचा गाळ दिवसातून दोनदा घुसळून काढतो, म्हणून नदी आटली तरी भर एप्रिलमध्ये पाणी चहासारखं. पावसाळ्यात तापी, नर्मदा, मही भर घालतात हे खरं, पण इथे महिन्यापेक्षा तिथी बघावी लागते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त गढूळ आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. माझ्या मते हा फरक न सांगता नुसतं पावसाळ्यात समुद्र गढूळ होतो असं लिहिणं चुकीचं आहे.

गाळ जास्त झाला की उजेड अडतो आणि सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत, पण त्याच गाळासोबत खतासारखी द्रव्यं येतात, त्यामुळे पाणी निवळायला लागलं की त्या जोमात वाढतात. खारफुटीला तर हा गाळच पाय रोवायला लागतो, गोदावरीच्या मुखाजवळचं कोरिंगाचं जंगल त्यावरच उभं आहे.

धरणांमुळे आता समुद्राला पोचणारा गाळ घटलाय, अप्पर वर्धा, गोसेखुर्द आणि खाली गोदावरीवरची धरणं जाड गाळ अडवून ठेवतात. पुरवठा तुटला की लाटांनी नेलेली माती भरून येत नाही आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी खचतो. इकडे भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत तोच गाळ साचून पाणी कमी मावतं, आणि उन्हाळ्यात तो ट्रॅक्टरने काढून परत वावरात टाकतात.