मौखिक आरोग्यसेवेची सुलभता

दात, हिरड्या व मुखातील अन्य भागांच्या विकारांवर प्रतिबंध आणि उपचार सर्वांना जवळ व परवडेल अशा खर्चात मिळावेत, यासाठी करावयाची सार्वजनिक व्यवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना मौखिक विकार असून त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

दंतवैद्यक सर्वसाधारण वैद्यकापासून का तुटले, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. अनेक विमा योजनांतून आणि प्राथमिक आरोग्यसेवेतून दात वगळले जातात, त्याचे मूळ बहुधा या फारकतीत आहे. होरेस हेडन व चॅपिन हॅरिस यांनी १८४० मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे काढलेले दंतमहाविद्यालय हा सामान्यतः तिचा आरंभ मानतात. मेरिलंड विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने दंतविषय शिकविण्यास नकार दिला, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. मात्र या नकाराचा समकालीन कागदोपत्री पुरावा आढळलेला नाही. ही कथा मागाहून रूढ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण कोणतेही असो, दंतवैद्य मुख्यतः शहरात स्वतःचा दवाखाना चालविणारा व्यावसायिक झाला आणि ज्याला पैसे मोजणे जमत नाही त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा दात उपटणेच आले.

यावर पहिला मोठा सरकारी उपाय न्यूझीलंडमध्ये झाला. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या दातांची दुरवस्था पाहिलेल्या टॉमस हंटर यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये वेलिंग्टन येथे शालेय दंतपरिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. अमेरिकी दंतवैद्य ॲल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ पासून ब्रिजपोर्ट (कनेक्टिकट) येथे तयार केलेल्या स्त्री-कर्मचारी फक्त दात स्वच्छ करीत व मुलांना निगा शिकवीत. हंटर यांच्या परिचारिका दात भरत व काढतही. दंतवैद्य नसलेल्यांनी हे काम करावे का, हाच वादाचा मुद्दा ठरला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९४९ मध्ये अशा परिचारिकांच्या प्रयोगास दिलेली कायदेशीर मान्यता दंतवैद्यांच्या विरोधामुळे पुढच्याच वर्षी काढून घेतली. अमेरिकेच्याच अलास्का राज्यातील दुर्गम वस्त्यांसाठी मात्र २००३ मध्ये उमेदवारांना अशा कामाच्या प्रशिक्षणासाठी न्यूझीलंडलाच पाठवावे लागले.

१९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात यो फ्रेंकेन यांनी विकसित केलेल्या, किडलेले दात भरण्याच्या पद्धतीत वीज वा यंत्र लागत नाही. हाती धरायच्या हत्याराने किडलेल्या पोकळीचे तोंड रुंद करतात, चमच्याच्या आकाराच्या धारदार हत्याराने मऊ झालेला भाग खरवडतात, कापसाच्या बोळ्यांनी पोकळी कोरडी करतात आणि ग्लास आयनोमर सिमेंट (दाताला चिकटणारे भरणद्रव्य) भरून व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून बसवितात. त्यानंतर तासभर काही खाऊ देत नाहीत. दाताच्या एकाच पृष्ठावरील पोकळीत हे भरण चांगले टिकते. अधिक पृष्ठांवर पसरलेल्या पोकळीत तितके टिकत नाही. शाळेतील साध्या बाकावरही हे काम करता येते.

पिण्याच्या पाण्यात फ्लुओराइड (दात किडण्यास आळा घालणारे द्रव्य) मिसळण्याचा सार्वजनिक प्रयोग १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स (मिशिगन) येथे सुरू झाला. जेथे नळपुरवठाच नाही तेथे त्याचा उपयोग होत नाही. फ्लुओराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयनोमर सिमेंट व सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड (कीड थांबविण्यासाठी दातावर लावायचे द्रावण) यांचा समावेश २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला.