सांगली आणि मिरज: दोन्ही नावं जोडणारी ती छोटी रेघ खोडा

पुण्या-मुंबईत नोकरी संपवून आपल्या भागात परतायचं म्हणणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सांगली-मिरजेला फ्लॅट बघतोय." सांगलीत की मिरजेत, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "एकच की हो ते!"

एकच नाही. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली, दोन्ही गावांत अंतर जेमतेम दहा किलोमीटर, आणि दिवसभर बस नि वडाप (सीटप्रमाणे भाडं घेणाऱ्या खासगी गाड्या) चालू असतं. एवढ्यावरून लोक दोन नावं जोडून टाकतात. आमच्या नात्यात दोन घरांनी याच समजुतीवर जागा घेतल्या आणि दोन्ही घरांना त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून हे लिहितोय.

सांगली तुम्हाला ठाऊक आहे. पटवर्धनांचा गणपती, हळदीची पेठ, भडंग, विष्णुदास भाव्यांचं १८४३ मधलं नाटक आणि त्यांच्या नावानं दर ५ नोव्हेंबरला दिलं जाणारं पदक. जिल्ह्याचं ठिकाण असल्यानं कचेरीची कामं इथंच. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

मिरज मात्र बहुतेकांनी फलाटावरूनच पाहिलेलं असतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांना इथून गाड्या जातात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे इथूनच सुटली होती. दुसरी ओळख दवाखान्यांची. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण इथं येत राहिले. तिसरी ओळख मला सगळ्यात प्रिय आहे: इथं बनणाऱ्या सतारी आणि तंबोरे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथंच घर केलं, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. निवृत्तीनंतर संध्याकाळी काय करायचं, हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी मिरजेचा विचार आधी करावा.

"म्हातारपणी दवाखाना जवळ हवा, म्हणून मिरज" हे कारण मला कधीच पटलेलं नाही. सांगलीतही चांगले डॉक्टर आहेत, आणि मिरज तिथून अर्ध्या तासाच्या आत आहे. रेल्वेचंही तेच. पुण्याकडच्या बऱ्याच गाड्या दोन्ही स्टेशनांवर थांबतात. भाजी तीच, ज्वारी तीच, उन्हाळाही तसाच. मिरजेत कानडी आणि उर्दू जास्त कानावर पडते, ती मला गोड वाटते. विसर्जन मिरवणुकीचा आवाज सोसत नसेल तर लक्ष्मी मार्केटच्या आसपास घर घेऊ नका, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. हे फरक एवढ्यावर सोडून देऊ.

खरा फरक नदीचा आहे, आणि तो किलोमीटरमध्ये नाही, फुटांत मोजावा लागतो.

सांगलीचं जुनं गाव कृष्णेच्या काठावर बसलेलं आहे. मिरजेचं गावठाण नदीपासून बाजूला आहे. तिथं पूर येतो तो कृष्णाघाटाच्या वस्तीत, बाजारपेठेत नाही. सांगलीत मात्र स्टँड, मारुती चौक, हरभट रोड, गावभाग, म्हणजे ज्याला लोक "मध्यवर्ती जागा" म्हणतात तोच भाग पाण्याखाली जातो. वर कोयना आणि वारणा ही दोन मोठी धरणं आहेत. वारणा नदी सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात कृष्णेला मिळते, आणि थोडं खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते. तिन्ही नद्या एकाच वेळी भरून आल्या की कृष्णेला पुढं जायला वाट राहत नाही, पाणी सांगलीत तुंबतं. ते हळूहळू चढतं आणि तितक्याच हळू उतरतं.

आता फूट म्हणजे काय ते समजून घ्या, कारण घोळ इथंच होतो. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. बाहेरगावचा माणूस "४५ फूट पाणी" ऐकून एक तर घाबरून जातो, नाहीतर ही बातमीवाल्यांची अतिशयोक्ती समजून सोडून देतो. हा आकडा रस्त्यावरच्या पाण्याचा नाही, पुलाजवळच्या नदीचा आहे. प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा असतो: अमुक फुटाला आमच्या कोपऱ्यावर, तमुक फुटाला आमच्या पायरीला. नदीकाठच्या सखल प्लॉटांत इशारा पातळीच्या आधीच सामान हलवायला सुरुवात होते. जुन्या सांगलीकराला त्याचा आकडा पाठ असतो. तुम्हाला जागा दाखवणारा माणूस तो आपणहून सांगत नाही. तो सांगतो, "स्टँडपासून पाच मिनिटं."

माझ्या मावशीचं घर गावभागात. २००५ च्या पुराची खूण तिच्या भिंतीवर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिनं धान्य, गाद्या, कागदपत्रं त्या खुणेच्या वर हातभर उचलून ठेवली आणि निश्चिंत झाली. गावातल्या कितीतरी घरांनी तेच केलं होतं. त्या वर्षी आयर्विनपाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २००५ चा उच्चांक मागं पडला, आणि मावशीच्या माळ्यावरची ट्रंकसुद्धा भिजली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा आलं.

यावर लोक म्हणतात, "पण बांधकामाला परवानगी आहे ना?" नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधता येतं. म्हणजे परवानगी असलेली, कागदपत्रं स्वच्छ असलेली इमारत पुराच्या पट्ट्यात असू शकते. आणि "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षं सुटका, असा मुळीच नाही. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता. साठाव्या वर्षी घर घेऊन ऐंशीपर्यंत राहायचं म्हटलं, तर त्या वीस वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. लाल रेषेवरही ती शंभरात अठराच्या आसपास जाते. जागा बघायला जाताना हा हिशेब कुणी करत नाही, आणि मला याची फार चीड येते, कारण निवृत्तीचा पैसा दुसऱ्यांदा उभा करता येत नाही.

दुसरा ठरलेला युक्तिवाद: "आमचा तिसरा मजला आहे." पाणी तिसऱ्या मजल्यावर येत नाही, खरं आहे. पण विजेचे मीटर खाली, पाण्याची मोटर खाली, लिफ्टची यंत्रणा खाली, गाडीही खाली. वीज तोडली की नळ बंद, आणि पाणी उतरायला आठवडा लागू शकतो. पंचाहत्तरीच्या माणसाला इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं असेल, गुडघे बदललेले असतील, तर त्याला अंधाऱ्या जिन्यानं उतरवून बोटीत बसवावं लागतं. शेजारच्या आजोबांना तसं नेताना मी हात लावला आहे. तिसऱ्या मजल्याचं समाधान त्यानंतर मी कुणाला देत नाही.

मग सांगली नकोच का? तसं नाही. पत्त्यावर सांगली लिहिलेलं असलं तरी विश्रामबाग नदीपासून लांब, मिरजेच्या बाजूला आहे. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांमुळे तो भाग जुना, झाडांचा, चालायला बरा आहे. सांगलीच्या पत्त्यासाठी जीव अडकला असेल तर मी तिथंच बघायला सांगेन. शामरावनगरच्या बाजूला मात्र जपून. तिथली अडचण वेगळी, सखल काळी जमीन आणि साचून राहणारं पावसाचं पाणी. मिरजेत कृष्णाघाटाचा भाग सोडून गावात किंवा सांगली रस्त्याच्या बाजूला घ्या. माझी स्वतःची पसंती मिरजेलाच आहे.

आणि जागा बघायला जानेवारीत येऊ नका. जानेवारीत सगळी सांगली सुंदर दिसते, नदी खाली शांत असते, घाटावर ऊन पडलेलं असतं. जूनमध्ये या, ऑक्टोबरपर्यंत भाड्यानं राहा, मग ठरवा. तेवढी सवड नसेल तर इमारतीत कुणाला काही विचारू नका, समोरच्या किराणा दुकानात जा. पाव किलो साखर घ्या आणि विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" दुकानदार बोलणार नाही, भिंतीवर हात ठेवून दाखवेल. आधी तो हात बघा, मग सॅम्पल फ्लॅट.